सुकं चालेल, पातळ नको

औषधाच्या बाटलीत सगळ्यात जास्त काय असतं, असं मला कुणी विचारलं तर मी सांगतो, पाणी. आजच्या वाचकाला हे खरं वाटणार नाही. आज औषध कंपनीतून सीलबंद येतं आणि दुकानदार ते फळीवरून काढून देतो. साठच्या दशकात आम्ही औषध करायचो. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर चार-पाच द्रव्यांची नावं आणि मापं असायची आणि शेवटी लिहिलेलं असायचं, पाण्यानं इतकं भरा. मी ती द्रव्यं काट्यावर तोलायचो, खलात घोटायचो, मापाच्या ग्लासात ओतायचो आणि उकळून गार केलेल्या पाण्यानं बाटली गळ्यापर्यंत भरायचो. बाटली गिऱ्हाइकानं घरून आणायची. मग कागदाची लांब पट्टी दुमडून कडेला कातर मारायची, म्हणजे उलगडल्यावर तिला सारख्या अंतरावर खाचा पडतात. ती पट्टी खळीनं बाटलीवर चिकटवायची. ज्याला वाचता येत नाही त्यालाही कळतं, एका वेळेला एक खाच.

हे सगळं आधी सांगून ठेवतो, कारण माझ्या नोकरीतलं सगळ्यात मोठं भांडण या पाण्यावरून झालं. ते मी आजवर कुणाला सविस्तर सांगितलं नाही. माझ्या निरोप समारंभात तिघांनी भाषणं केली आणि तिघांनीही मला 'शांत स्वभावाचे जाधव' म्हटलं. मी शांत कधीच नव्हतो. आता सत्तरी उलटली तरी ही गोष्ट लिहायला बसलो की तोच राग पुन्हा चढतो.

माझं गाव वडूजपासून चालत दोन तासांवर. वडिलांचं नाव राणू. मी शाळेत असताना आमची वस्ती बौद्ध झाली. त्या दिवसापासून वडिलांनी गावकीची कामं बंद केली. गावानं त्यांना दोन वर्षं कुठं मजुरीला लावलं नाही. ते रोज पहाटे उठून दुसऱ्या गावाला खडी फोडायला जायचे. मी मॅट्रिक झालो, पुण्याला वसतिगृहात राहून फार्मसीची पदविका घेतली आणि माझं नाव रजिस्टरात चढलं. तेव्हा आमच्या भागात असे नोंदणी झालेले फार्मासिस्ट हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते. दुकानात असा माणूस ठेवल्याशिवाय औषध बनवून देता येणार नाही, असा कायदा होता. मला वाटलं, नोकऱ्या माझ्यामागे धावत येतील.

साताऱ्यात तीन दुकानांत गेलो. तिन्हीकडे माझ्या प्रमाणपत्राकडे पाहून मालक खूश झाला, चहा मागवला आणि मग विचारलं, "जाधव म्हणजे कुठले जाधव?" आमच्या भागात जाधव सगळ्या आळ्यांत आहेत, त्यामुळे आडनावावरून उलगडा होत नाही. मी उलगडा करून दिला. तिन्हीकडे एकच उत्तर मिळालं. "कळवतो."

इस्लामपूरच्या अण्णांनी मात्र विचारलंच नाही. अण्णा पन्नाशीचे, धोतर आणि वर काळा कोट घालणारे. त्यांचा आधीचा फार्मासिस्ट सोडून गेला होता आणि दुकानाला नोटीस आली होती. मीच आपण होऊन सांगितलं. ते म्हणाले, "मला काय करायचंय त्याचं? मला कायद्याचा माणूस पाहिजे. फक्त तू होऊन गावभर सांगत बसू नकोस."

मी सांगत बसलो नाही. हा माझा पहिला दोष, तो मी इथं कबूल करतो.

सात महिने मी काउंटरवर उभा होतो आणि ते महिने सुखाचे होते. कारखान्यामुळे गावात वर्दळ होती. तऱ्हेतऱ्हेची माणसं यायची. एक मास्तर मिक्स्चर आधी चाखून बघायचे आणि कडू नसेल तर परत करायचे, गोड औषधानं रोग कसा जाईल म्हणून. एक बाई डॉक्टरांची चिठ्ठी पाण्यात भिजवून तेच पाणी प्यायली होती आणि गुण आला म्हणून दुसरी चिठ्ठी मागायला आली होती. लोक हसतात असल्या गोष्टींना. मी हसत नसे. मी अशा माणसांना बाकावर बसवून समजावून सांगायचो, कारण आमच्या धंद्याचा निम्मा भाग तोंडानं करायचा असतो.

आणि उरलेला भाग डोळ्यांनी. एकदा एक बाई पोटदुखीची चिठ्ठी घेऊन आली. औषधाचं माप मोठ्या माणसाचं होतं. मी मान वर करून पाहिलं तर दुखणाऱ्या पोटाचा मालक तिच्या कडेवर होता, आठ महिन्यांचा. चिठ्ठीवर वय नव्हतं. त्या मापानं पोरानं संध्याकाळ पाहिली नसती. मी चिठ्ठी घेऊन समोरच्याच डॉक्टरांकडे गेलो. ते म्हणाले, "आता कंपाउंडर मला शिकवणार का?" मी वयाच्या रिकाम्या जागेवर बोट ठेवून उभा राहिलो. त्यांनी चिठ्ठी फाडली, माझ्याकडे न बघता दुसरी लिहिली आणि माझ्या दिशेनं सरकवली. त्या बाईला यातलं काही कळलं नाही. कळायची गरजही नव्हती. पण मला ते पोर दिसलं म्हणून वाचलं, एवढं वाचकांनी ध्यानात घ्यावं.

आठव्या महिन्यात आक्कामुळे ते सुख संपलं. नाव सोनाबाई, पण सारं गाव तिला आक्का म्हणायचं. साठीची, उभ्या अंगाची, कपाळावर मोठं कुंकू. दर आठ-पंधरा दिवसांनी ती खोकल्याचं मिक्स्चर न्यायची. त्या दिवशी मी बाटलीला पट्टी चिकटवत होतो आणि ती माझ्याकडे टक लावून पाहत होती.

"तू कुठला रं?"

"वडूजकडचा."

"वडूजकडं कुठं?"

मी गावाचं नाव सांगितलं. तिचे डोळे बारीक झाले. ते तिचं माहेर होतं. आमच्या पाटलांची ती बहीण, हे मला तेव्हा कळलं.

"कुणाचा तू?"

खोटं बोलता आलं असतं. गावात जाधवांची पंधरा घरं होती. पण वडील खडी फोडतानाचे डोळ्यांपुढे आले आणि मी म्हणालो, "राणूचा."

"राणूचा किसन्या? म्हारवाड्यातला?"

आम्ही बौद्ध झालो हे तिला पक्कं माहीत होतं. तिच्या लेखी त्यानं काही फरक पडला नव्हता. ती ओरडली नाही. हातातली बाटली तिनं काउंटरवर ठेवली, बोटं पदराला पुसली आणि गल्ल्यावर बसलेल्या अण्णांना म्हणाली, "आण्णा, तुमी सांगायचं तरी. सात म्हैनं आमी काय पितोय ह्ये?"

ती बाटली तशीच ठेवून गेली. दुकानात पाच-सहा माणसं होती. आठवड्यात गावभर झालं.

लोक दुकानात यायचे थांबले नाहीत, कारण दुसरं दुकान लांब होतं. त्यांनी एक नियम काढला. सुकं चालेल, पातळ नको. गोळ्या चालतील. पुडीतली पावडर चालेल. कंपनीची सीलबंद बाटली चालेल. मी पाणी घालून केलेलं मिक्स्चर नको. एक सद्गृहस्थ, शिकलेले, माझ्याशी नेहमी अदबीनं बोलणारे, मला म्हणाले, "जाधव, राग मानू नका. पावडर तुमच्या हातची द्या. पातळ तेवढं नको."

मी विचारलं, "पावडर तुम्ही कशाबरोबर घेता?"

"पाण्याबरोबर."

"मग?"

"ते पाणी आमच्या घरचं असतं ना!"

मोठा बिनतोड मुद्दा मांडल्यासारखे ते हसले. मी पुडी बांधून दिली. त्या हसण्याचा राग मला अजून येतो. त्यांना माझ्याबद्दल द्वेष नव्हता, आणि तेच मला सहन होत नाही. द्वेष करणाऱ्याशी भांडता तरी येतं.

अण्णांनी यावर तोडगा काढला. दुकानाच्या मागच्या भागात लाकडी पार्टिशन घातलं, त्याला बाटल्या ठेवायला झडपेची हातभर खिडकी ठेवली आणि मला आत बसवलं. काउंटरवर त्यांचे मेहुणे उभे राहिले. त्यांना सगळे बापू म्हणत. चाळिशीचे, तंबाखूचा व्यापार बुडालेला, स्वभावानं गोड आणि बोलायला सुरुवात केली की थांबायचं नाव नाही. गावात सांगण्यात आलं की पातळ औषध आता बापू करतात. प्रत्यक्षात मी आत औषध करायचो, बाटलीवर नावाची चिठ्ठी चिकटवायचो, खिडकीत ठेवायचो आणि बापू ते उचलून द्यायचे. गाव माझ्या हातचं पाणी पितच राहिलं. आक्काही परत येऊ लागली. पार्टिशनच्या फटीतून तिचा आवाज यायचा, "बापू, आजचं दाट झालंय बग." बापू म्हणायचे, "व्हय आक्का, जरा मन लावून केलं."

अण्णांना या तोडग्याचं फार कौतुक होतं. "कुणाचंच काही बिघडलं नाही," ते मला म्हणाले.

तुम्ही विचाराल, मी नोकरी का सोडली नाही. वडिलांना मी पहिल्या महिन्यात सांगितलं होतं, खडी फोडायची आता बंद. ते बंद करून दाराशी खाटेवर बसायला लागले होते. त्यांना पुन्हा उठवायचं माझ्या जिवावर आलं. एक वर्ष मी त्या खोलीत काढलं. स्पिरिटचा वास, वर एक दिवा, समोर लाकूड. माणसं ऐकू यायची, दिसायची नाहीत. कडेवर कोण आहे, गरोदर कोण आहे, कुणाचे डोळे पिवळे झालेत, काही नाही. मी अण्णांना दोनदा सांगितलं की हे कधीतरी कुणाच्या जिवावर बेतेल. ते म्हणाले, "बापू आहे की."

तो बाजाराचा दिवस होता. दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. माझ्याकडे दोन चिठ्ठ्या लागोपाठ आल्या. एक गणपा नावाच्या गाडीवानाची. तो कारखान्यावर ऊस वाहायचा आणि त्याचा गुडघा धरला होता. त्याला चोळायचं औषध होतं. टर्पेंटाइन, कापूर आणि साबण घोटून ते करतात, आणि ते दिसतं दुधासारखं पांढरं. दुसरी चिठ्ठी आक्काच्या नातवाची, वय चार, जुलाब. त्याला खडूचं मिक्स्चर. तेही पांढरं. विषारी औषधाला खाचांची निळी बाटली वापरायची पद्धत होती, म्हणजे अंधारातही हाताला कळावं. तसल्या बाटल्या संपल्या होत्या. मी त्या आणायला आठ दिवसांपूर्वी सांगितलं होतं. त्यामुळे दोन्ही औषधं गिऱ्हाइकांच्या घरच्या, एकसारख्याच साध्या बाटल्यांत भरली. गणपाच्या बाटलीवर मी लाल चिठ्ठी लावली, 'फक्त बाहेरून चोळण्यासाठी'. दोन्ही खिडकीत ठेवल्या आणि म्हणालो, "बापू, नीट ऐका. लाल चिठ्ठीची गणपाची, चोळायची. दुसरी आक्काच्या नातवाची, हलवून पाजायची."

"व्हय, व्हय," बापू म्हणाले आणि कुणाशी तरी पावसाबद्दल बोलत राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडून तास झाला असेल. बाहेर गणपाचा आवाज चढला होता.

"आवं बापू, ह्ये कसलं औषद म्हणायचं! रातभर चोळतोय, ना झोंबतंय ना काय. पाय बगा, चुना लावल्यागत पांढरा झालाय!"

दुकानात हशा पिकला. बापूही हसले.

मी आत खल खाली ठेवला. वाळल्यावर पांढरा होतो तो खडू. गणपाच्या पायाला खडू लागला असेल तर टर्पेंटाइन कुणाच्या घरी गेलं? मी पार्टिशनचं दार ढकलून बाहेर आलो. वर्षभरानंतर मी पहिल्यांदा काउंटरच्या त्या बाजूला उभा होतो. गणपाच्या हातून बाटली घेतली, हुंगली. खडूच होता.

"बापू, काल आक्काला कुठली बाटली दिलीत?"

बापूंचं हसू तोंडावरच वाळलं. ते अण्णांकडे बघायला लागले. अण्णा उठले. "थांब. मी जातो. तू तिथं जाऊ नकोस, ती घरात घेणार नाही."

तोवर मी अण्णांची सायकल काढली होती.

आक्काचं घर खालच्या आळीत. ती दारातच उभी होती, डॉक्टरांकडे कुणाला पाठवावं याच विचारात. मला बघून तिनं हात आडवा केला. "तू हितंच थांब. काय सांगायचं त्ये तितनं सांग."

"आक्का, काल नेलेलं औषध पोराला पाजलंत?"

"दोनदा पाजलं. वास लय व्हता, पर औषदाला वास असतूयच. रातीला लय उलट्या झाल्या. म्हटलं घाण बाहीर पडतीया."

"ते चोळायचं औषध आहे. विष आहे ते."

तिला कळलं नाही, किंवा कळूनही तिचा हात खाली आला नाही. आतून खोकला ऐकू आला. ओला, घरघरणारा. औषध छातीत उतरलं होतं. मी आक्काचं मनगट धरलं, हात बाजूला केला आणि घरात शिरलो. त्या घराण्यातल्या माणसाला मी जन्मात पहिल्यांदा हात लावत होतो, आणि तेव्हा ते माझ्या लक्षातही आलं नाही.

पोराची आई भिंतीला टेकून त्याला मांडीवर घेऊन बसली होती. ओठ निळसर, श्वासाला टर्पेंटाइनचा भपका. मी म्हटलं, "वहिनी, मी औषधाच्या दुकानातला जाधव. याला आत्ता न्यायला पाहिजे." ती मला ओळखत होती. मी कोण, काय, तिच्या सासूनं सगळं सांगितलेलं असणारच. तिनं एक शब्द न बोलता पोर उचललं आणि माझ्या हातांत दिलं. लोक मला म्हणतात, जाधव, तो काळच तसा होता. ती बाई त्याच काळातली होती आणि त्याच घरातली.

डॉक्टरांनी छातीला नळी लावून ऐकलं आणि सांगितलं, एक मिनिट घालवू नका, सांगलीला न्या. एका व्यापाऱ्याची जीप मिळाली. आई मागे पोराला घेऊन आणि मी ड्रायव्हरच्या शेजारी. सांगलीच्या सरकारी दवाखान्यात ड्युटीवरच्या तरुण डॉक्टरनं पहिला प्रश्न विचारला, "पोटात नेमकं काय गेलंय?" मी त्याला टर्पेंटाइन किती, कापूर किती, साबण किती, चमचा केवढा आणि दोन डोसांत मिळून काय गेलं असेल, ते तोंडपाठ सांगितलं. तो लिहून घेत होता. मला आठवतं, त्यानं लिहिता लिहिता विचारलं, "तुम्ही तयार केलंत?" मी हो म्हणालो. "मग इथंच थांबा, तुम्ही लागाल." मी दोन दिवस थांबलो. पोर दहा दिवसांनी घरी आलं. जगलं.

मी परत आलो तेव्हा अण्णा माझी वाटच पाहत होते. तक्रार झाली होती, चौकशीला औषध निरीक्षक येणार होते. अण्णांनी मला आतल्या खोलीत नेलं. त्यांचा आवाज मऊ होता.

"जाधव, तुझ्याकडनं चिठ्ठ्या उलट्या लागल्या असं म्हण. तू तरुण आहेस, समज देऊन सोडतील. बापूनं औषध दिलं असं निघालं तर दुकानच जाईल."

"माझं रजिस्टरातलं नाव जाईल, अण्णा."

"नाही जायचं. मी बोलतो त्यांच्याशी."

मी म्हणालो, मी खरं तेच सांगेन. त्यांना वाटलं, ऐन वेळी मी नमेन. वर्षभर नमलेला माणूस त्यांनी पाहिला होता.

निरीक्षक आले. चष्मा, हातात कागदांची पिशवी, कामाचा माणूस. दुकानातच खुर्ची टाकून बसले. माझ्याआधी अण्णांनी बोलायला सुरुवात केली. चिठ्ठ्या जाधवनी उलट्या लावल्या आणि बाटल्याही जाधवनीच दिल्या, असं ते सांगत होते. बापू मान खाली घालून उभे होते. मी बोलायला तोंड उघडलं तर निरीक्षकांनी हात वर केला. "तुमचा जबाब नंतर." आणि आक्काला पुढे बोलावलं.

आक्कानं फडक्यात बांधलेली बाटली आणली होती. निरीक्षकांनी फडकं सोडलं. लाल चिठ्ठी जागच्या जागी होती. त्यांनी बूच काढून वास घेतला, चिठ्ठी वाचली आणि अण्णांकडे पाहिलं. "चिठ्ठी तर बरोबर आहे."

अण्णा गल्ल्यावरची वही सरळ करू लागले.

"आजी, ही बाटली तुमच्या हातात कुणी दिली?"

"बापूनं."

"या जाधवांनी नाही?"

"त्यो कसा दील? त्याला म्होरं येऊ देत न्हाईत."

"का?"

आक्काला प्रश्नाचंच नवल वाटलं. "का म्हंजी? आमीच सांगिटलं व्हतं आण्णाला. त्याच्या हातचं पातळ नको म्हणून."

बाजाराचा वार सांगावा तशा आवाजात तिनं हे सांगितलं. त्यात लाज नव्हती आणि माझ्यावर उपकार करायचा हेतूही नव्हता. खरं तेवढं बोलायची तिची रीत होती. माझं रजिस्टरातलं नाव त्या वाक्यानं वाचलं. माझी पदविका, माझी लाल चिठ्ठी, मी दोनदा दिलेला इशारा, यांतलं काही कामी आलं नसतं. कामी आलं ते हे, की माझा विटाळ होतो.

निरीक्षकांनी लिहिता लिहिता विचारलं, "मग आत औषध तयार कोण करत होतं?"

"बापू," आक्का म्हणाली.

निरीक्षकांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं.

"मी," मी म्हणालो. "वर्षभर. रोज."

आक्का अण्णांकडे वळली. "आण्णा?"

अण्णांनी तोंड फिरवलं. ती बापूंकडे वळली. बापूंच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. "म्हंजी वरीसभर..." एवढंच ती म्हणाली. मग तिनं ते फडकं उचललं, घडी केलं आणि माझ्याकडे न बघता दुकानाच्या पायऱ्या उतरून गेली. पोर वाचवल्याबद्दल ती कधी काही बोलली नाही. मी वाटही पाहिली नाही.

निरीक्षकांनी माझा जबाब लिहिला आणि वाचून दाखवला. 'सदर दिवशी फार्मासिस्ट काही व्यावहारिक कारणामुळे काउंटरवर उपस्थित नव्हते.'

"कारण लिहा," मी म्हणालो.

"व्यावहारिक म्हटलंय ना."

"कारण तुम्ही आत्ता ऐकलंत. ते लिहा."

त्यांनी चष्मा काढला. "हे बघा जाधव, तुमच्यावर काही येत नाही. सही करा आणि मोकळे व्हा. बाकीचा विषय माझ्या खात्याचा नाही. मी औषधं तपासतो."

मला वर्षभराचा सगळा राग एकदम चढला. मी ओरडलो की नाही, आठवत नाही. बापूंनी नंतर सांगितलं, बाहेर रस्त्यावर माणसं थांबली होती. मी म्हणालो, "या बाटलीत चूक काय होती ते सांगा. द्रव्यं बरोबर, माप बरोबर, चिठ्ठी बरोबर. वाचता न येणाऱ्या बाईच्या घरी चिठ्ठी तोंडानं सांगावी लागते, आणि ते तोंड यांनी फळ्यांच्या आड कोंडलं. पोर त्यानं मरत होतं. ते तुमच्या खात्यात बसत नसेल तर कागद द्या इकडे."

मी कागद ओढून घेतला, त्यांचंच पेन घेतलं आणि खाली लिहिलं: 'मी बौद्ध आहे. जन्मानं महार. गिऱ्हाइकांना माझ्या हातचं पातळ औषध नको म्हणून मालकांनी मला पार्टिशनच्या आत बसवलं. त्यामुळे बाटली कुणाच्या हाती जाते हे मला दिसलं नाही आणि ती चोळायची आहे हे मला सांगता आलं नाही.' खाली सही केली, पूर्ण नावानं. निरीक्षकांनी त्या ओळी दोनदा वाचल्या. मग त्यांनी कागद पिशवीत घातला. त्यांनी तो फाडला नाही, एवढं मी त्यांच्याबद्दल सांगू शकतो. पुढे तो कुणी वाचला का, मला माहीत नाही.

दुकान काही आठवडे बंद राहिलं आणि पुन्हा उघडलं. मी त्याच दिवशी माझं प्रमाणपत्र भिंतीवरून काढून घेतलं. अण्णा म्हणाले, "कुणी उभं करत नव्हतं तेव्हा मी तुला नोकरी दिली."

"नोकरी मला कायद्यानं दिली, अण्णा. तुम्ही मला ती खोली दिलीत."

एसटी स्टँडवर बापू आले. धावत आल्यामुळे त्यांना धाप लागली होती. "जाधव, म्या चुकलो," ते म्हणाले. "त्या पोराचं तोंड डोळ्याम्होरनं हालत न्हाई." सगळ्या गावात माझ्यापाशी चूक कबूल करणारा तो एकच माणूस. मी त्यांना काही बोललो नाही. बोलायला हवं होतं. त्याची खंत आहे.

पुढे साताऱ्याच्या सरकारी दवाखान्यात मला जागा मिळाली. औषधं द्यायची खिडकी, बाहेर लांबलचक रांग. पहिल्याच आठवड्यात फेटेवाले एक गृहस्थ रांगेतून पुढे आले, बाटली हातात धरूनच त्यांनी विचारलं, "नवीन दिसता. आडनाव काय?"

"जाधव."

"कुठले जाधव?"

रांगेतल्या शेवटच्या माणसाला ऐकू जाईल एवढ्या आवाजात मी सांगितलं, "वडूजकडचा. राणूचा मुलगा. आम्ही बौद्ध आहोत. औषध मी केलंय आणि मीच देणार. घ्यायचं असेल तर बाटली पुढे करा, नसेल तर मागच्या माणसाला येऊ द्या."

गृहस्थ घुटमळले. मागून एक बाई ओरडली, "आवं हला की म्होरं, पोर तापानं फणफणतंय!"

त्यांनी बाटली पुढे केली. मी ती भरली, चिठ्ठी लावली, कसं घ्यायचं ते सांगितलं आणि त्यांच्या हातात दिली, पण माझी पकड सोडली नाही.

"आता सांगा," मी म्हणालो. "दिवसातून किती वेळा घ्यायचं?"